गाडी पुढे गेल्यावर

"हा नको." ल्याव काकांनी ओळखपत्रावरचा फोटो परत सरकवला. "ही माझी बायको नाही. ही पोस्टातली बाई आहे, तोंडावर खिडकी बंद करणारी."

गल्लीतल्याच फोटोग्राफर जारोंगने वाद घातला नाही. ओळखपत्राच्या फोटोत हसायचं नसतं, कान दिसावे लागतात, त्यामुळे सगळेच तसे दिसतात. पण सिउखिम काकू परवा गेल्या होत्या. गल्लीत मांडव पडला होता, फुलं आली होती, आणि मधोमध मोठ्या फोटोची जागा रिकामी होती. अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस सकाळी फोटो न्यायला येणार होता. तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरात पुष्कळ म्हातारी माणसं हा फोटो जिवंतपणीच हौसेने काढून ठेवतात. काकूंनी ठेवला नाही. कॅमेरा दिसला की त्यांचा हात तोंडावर जायचा. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्येही काकूंचा पंजा तेवढा सुरेख आलाय.

"बाबा, दुसरा फोटोच नाहीये," मुलगी बीहुई म्हणाली. ती ताइचुंगहून धावत आली होती आणि रडून तिचे डोळे सुजले होते. "चालवून घ्या ना."

"रोज सकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लावायचीय मला. परक्या बाईला लावू?" काका म्हणाले. त्या घरात आता ते एकटेच राहणार होते.

जारोंग जरा घुटमळला. लग्नाचे फोटो हा त्याचा धंदा. संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली, की मात्र तो गच्चीवर जाऊन गल्लीचे फोटो काढायचा. बायको त्याला कचऱ्याचा फोटोग्राफर म्हणायची. गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. गाडीवर पियानोची एक धून लागते. बाकी जगात ती मुली मन लावून शिकतात म्हणे. आमच्याकडे ती कानावर पडली, की माणसं सिंकखालची पिशवी उचलून पळतात. पिशवी रस्त्यावर ठेवून यायची सोय नाही, ज्याची त्याने आपल्या हाताने गाडीत टाकायची. त्या धावपळीत कुणाला चेहरा नीट करायला फुरसत नसते आणि कुणी वर बघत नाही. जारोंगला तेच आवडायचं.

"काका, हे फोटो न विचारता काढलेत. रागावू नका," असं म्हणून त्याने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला.

पिवळी गाडी पुढे चालली होती. तिच्यामागे काका आणि काकू धावत होते. काकांच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात काकूंचा हात. काकूंचे केस सुटले होते आणि त्या तोंडभर हसत होत्या.

"आई अशी हसायची?" बीहुई म्हणाली. तिने आईवडिलांना कधी शेजारी शेजारी चालतानाही पाहिलं नव्हतं. बाजारात, देवळात, अगदी दवाखान्यातसुद्धा बाबा पुढे आणि आई मागे.

"हसतेय बघ!" काका उसळले. "मला धाप लागलीय आणि हिला हसू येतंय. गाडी नसते ते बुधवार-रविवार सोडले, तर रोजचा तमाशा. गाडी दारावरून पुढे गेली, की ही ओरडणार, 'अहो, गाडी!' मग मी टीव्ही टाकून धावायचं, हिला ओढत न्यायचं. सतरांदा सांगितलं, जरा आधी निघत जा. पण हिचं कायम वरातीमागून घोडं!" मग त्यांनी नाक पुसलं. "हाच घे. ही आहे ती."

"चेहरा तेवढा घेतो. तुमचा हात काढून टाकतो. जिवंत माणसाचं काही त्या फोटोत असू नये."

"काढा, काढा," बीहुई घाईने म्हणाली.

चेहरा जरा हलला होता. आणखी स्पष्ट मिळतोय का ते पाहायला जारोंग त्याच संध्याकाळचे आधीचे फोटो मागे सरकवू लागला.

"थांब," काका म्हणाले. "हे आमचं दार."

गाडी अजून लांब, देवळाच्या कोपऱ्यावर होती. दाराच्या जाळीमागे काकू स्टुलावर बसल्या होत्या. पायात चपला होत्या. पिशवीला गाठ मारलेली होती. मान जरा कलती करून त्या धून ऐकत होत्या.

"तयार होऊन बसलीय की! मग हाक का मारली नाही?"

जारोंगने दुसऱ्या एका दिवसाचा फोटो उघडला. तेच. मग पावसातला उघडला. काकू रेनकोट घालून स्टुलावर. आणखी एकात गाडी अगदी दारासमोर उभी होती, शेजारीण पिशवी टाकत होती आणि काकू जाळीमागे तशाच बसून होत्या.

"रोज असंच असायचं, काका," जारोंग म्हणाला. "गाडी पुढे जाईपर्यंत त्या उठायच्याच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बीहुईने काकांपुढे पाण्याचा ग्लास धरला, तो त्यांनी घेतला नाही. जारोंगने परत पहिला फोटो लावला आणि काकूंच्या चेहऱ्याभोवती चौकट आखायला घेतली. काकांनी त्याचं मनगट पकडलं.

"हात कापू नकोस."

"बाबा! अपशकुन असतो तो!"

"असू दे," काका म्हणाले. "त्या हातासाठी तर ती रोज गाडी चुकवायची."