फेसाची कॉफी

"आजपासून या घरात कॉफीचं पातेलं गॅसवर चढणार नाही!" विश्रामबागेतल्या गुंडाजीरावांनी जाहीर केलं. पुतण्यानं स्वित्झर्लंडहून मशीन आणलं होतं. कॉफीची डबी आत सरकवायची आणि नळीच्या वाफेनं दूध फुलवायचं. त्यांच्या मुलीला, पूजाला बघायला मलकापूरचे पाहुणे येणार होते. आता सोयरीक मशीनच जमवणार, पूजानं नुसतं शेजारी उभं राहायचं.

पाहुण्यांत शब्द चालायचा तो मुलाच्या आईचा. या बनुबाईंचा जन्म गावभर मापानं दूध घालण्यात गेलेला. काठोकाठ फेसाचा कप हातात धरून त्या नुसत्याच बघत राहिल्या. फेस बसला, कप अर्ध्यावर आला.



"पोरगी लय पसंत हाय, इवाई," बनुबाईंनी कप पुढं केला. "पर फेस बसलाय. तेवढं माप पुरं करा."