वहिनींचा रंग

दत्ताराम मासे धरायच्या गळाला लावायची, माशाच्या डोक्याच्या आकाराची शिशाची वजनं, म्हणजे ‘डोकी’, ओतायचा आणि ब्रशने रंगवायचा. खडकावर आपटून रंग उडायचा. मग त्याच्या बायकोने, सुगंधाने, पेल्यातल्या रंगाच्या पुडीत पंपाने खालून हवा सोडली. पूड दुधासारखी उसळली. तापवलेलं डोकं तिने त्यात क्षणभर बुडवलं आणि पूड वितळून रंग काचेसारखा घट्ट बसला.

तेव्हापासून जेटीवर सगळे “वहिनींचीच द्या” म्हणायचे. दत्ताराम आतून जळायचा.

एका सकाळी त्याने गुपचूप तिने रंगवलेलंच डोकं गळाला लावलं आणि हातभर लांब जिताडा मासा काढला.

“हे रंगवलं कोणी?” मित्रांनी विचारलं.

“मीच,” म्हणत तो वळला, तर मागे सुगंधा उभी.

“हो, त्यांनीच,” ती हसत म्हणाली.

आपलं श्रेय ती इतक्या सहज देऊन टाकू शकली, याचाच त्याला जास्त हेवा वाटला.