आपला अर्ज तपासत आहोत

अर्ज पाठवल्यावर लॅपटॉपवर चाक फिरायला लागलं तशी ताई स्क्रीनच्या जवळ सरकली आणि बोलायलाच लागली. हळू आवाजात, समोर कोणी बसल्यासारखी. घाई करू नका, दुसरं पान नीट बघा, डॉक्टरांची सही खाली कोपऱ्यात आहे, जरा फिकी आलीय पण आहे. चाकाखाली ओळ होती, 'आपली कागदपत्रं वाचत आहोत.' हां, वाचताहेत, ताई म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता. आतल्या खोलीत ताईचे यजमान, भावजी, पाठीवर पडून होते. कूस बदलायची तरी त्यांना ताईला हाक मारावी लागायची. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख धरून ठेवली होती, पण विमा कंपनीची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल त्यांना दाखल करून घ्यायला तयार नव्हतं.

सकाळपासून त्या फॉर्मने ताईच्या नाकी नऊ आणले होते. फोटो मोठा आहे, म्हणे. लहान केला तर अस्पष्ट आहे, म्हणे. जन्मतारखेसाठी एकेक महिना मागे जात भावजींच्या पाळण्यापर्यंत पोचायचं. एवढं करून पुढच्या पानावर जावं, तर मागचं सगळं पुसलेलं. हे कुठल्या दीडशहाण्याने बनवलंय त्याला एकदा माझ्यासमोर बसवा, ती म्हणाली होती. दीडशहाणा शेजारीच बसला होता. भाऊ कुठल्याशा ऑफिसात कंपन्यांच्या वेबसाइटची पानं बनवतो, एवढंच तिला ठाऊक. कुठल्या कंपन्यांसाठी, हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि आज सांगायची त्याची छाती होत नव्हती.

फॉर्मचं एक वेळ सोडा. त्यात विमा कंपनीच्या दहा जणांनी आपापली बोटं घातली होती, अशी तो स्वतःची समजूत घालू शकत होता. चाक मात्र निव्वळ त्याच्या डोक्यातून निघालेलं. पूर्वी बटण दाबलं की त्याच क्षणी उत्तर यायचं, कारण निकाल कॉम्प्युटरच लावायचा आणि त्याला तेवढा वेळ पुरायचा. लोक भडकायचे. न बघताच नाही कसं म्हणता, म्हणून फोनवर फोन. कंपनीचे साहेब वैतागले. तेव्हा यानेच सुचवलं, की उत्तर जरा दाबून धरा. मिनिटभर चाक फिरू द्या, खाली आळीपाळीने तीन ओळी दाखवा. तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली. तक्रारी का बंद झाल्या, ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही, त्यालाही.

'आजाराचा इतिहास पडताळत आहोत.' ताई त्या चाकाला सांगत होती, गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, कमरेचा पट्टा झाला, आता करायचं काही उरलं नाही हो. भावाला वाटलं, लॅपटॉप उचलावा आणि भिंतीवर आपटावा. उत्तर केव्हाच येऊन बसलं होतं.

'अंतिम निर्णय घेत आहोत.' ताईने केस कानामागे सारले आणि सरळ बसली.

चाक थांबलं. मंजुरी नाकारली होती.

आता ती चिडेल, सकाळसारखी शिव्यांची लाखोली वाहील, म्हणून तो वाट बघत होता. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने अलगद लॅपटॉप मिटला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नाही तर नाही. पण निदान बघितलं तरी नीट. आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची?"

तक्रारी कशा बंद झाल्या होत्या, ते त्याला तेव्हा कळलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"ताई, कोणी काही बघितलेलं नाही. ते चाक मी बनवलंय. नुसतं फिरतं ते. मागे कोणी नसतं."

तिला आधी उमजलंच नाही. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी फॉर्मसकट सगळं. मध्येच आतून भावजींनी विचारलं, काय झालं गं, आलं का उत्तर? आले हो, ताई म्हणाली, आणि भावाकडे वळली.

"मग इतका वेळ मी बोलत कोणाशी होते?"

ताई उठून आत गेली. तिने भावजींना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, ते सगळं त्याला बाहेर ऐकू येत होतं. मग ती परत आली, लॅपटॉप उघडला आणि त्याच्या पुढ्यात सरकवला.

"तक्रारीचं बटण कुठे लपवलंयस, ते दाखव."