काळं फडकं

दुकानाच्या ॲल्युमिनियमच्या दाराला पॉलिश करता करता पॉलिशवाल्याने बायकोला पुन्हा तेच विचारलं. लग्नाआधी तिला कोणीतरी आवडायचा हे त्याला महिन्यापूर्वी कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याने तिची पाठ सोडली नव्हती.

"सगळं सांगून झालंय हो," दाराची खालची बाजू घासत ती म्हणाली. "आम्ही दोनदा चहा प्यायलो, एवढंच."

"आणि?"

ती अगदी कंटाळून गेली होती. "दुसऱ्यांदा बिस्किटंही होती."

"बघ! विचारलं की काहीतरी निघतंच. म्हणजे अजून आहे."

तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. दार तर लखलखत होतं, पण त्या गृहस्थाचं समाधान होईना. त्याने एक कोरं फडकं उचललं, त्याला पॉलिश लावून दारावर चांगलं घासलं आणि पॉलिशवाल्याच्या नाकासमोर धरलं. फडकं काळंकुट्ट झालं होतं.

"मळ अजून आहेच की हो!"

पॉलिशवाला हसला. "मळ केव्हाच गेला, साहेब. ॲल्युमिनियम आहे हे. घासत राहाल तोवर काळं निघतच राहणार. पण आता निघतोय तो मळ नव्हे, तुमचं दारच झिजतंय."

दुकानदाराने घाईघाईने फडकं खाली ठेवलं आणि तो आत गेला.

पॉलिशवाला पुढचं विचारायला वळला. बायको हातातलं काम थांबवून त्याच्याकडेच बघत होती.

"म्हणजे हे तुम्हाला माहीत आहे तर," ती म्हणाली.