बिनकामाचं चालणं

जगदेवीनं खुंटीवरचा विळा काढला, दोरी खांद्यावर टाकली, तोच कुमार उंबऱ्यात आडवा आला.

"आई, आजपसून वैरणीला जायचं न्हाय."

"म्या कुठं वैरणीला जाते रं? डॉक्टरनं सांगितलंय म्हणून चालून येते."

"मग इळा कशाला?"

आता या पोराला काय सांगावं! शुगर निघाली तेव्हा नळदुर्गचे डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी चालत जा. त्यांचं काय जातंय म्हणायला? बाई हातात काही न घेता रस्त्यानं निघाली, की घरात भांडण झालं किंवा डोकं फिरलं, एवढंच गावाला सुचतं. म्हणून जगदेवी विळा घेऊन निघायची आणि ओढ्यापर्यंत जाऊन तशीच परत यायची. आपल्या या हुशारीवर ती मनातून खूशही होती.

"पारावर लोक काय म्हणतेत ठाऊक हाय का? दोन गडी कामाला, अन् आईला वैरणीला लावलंय. मान वर करून बसता येईना मला तिथं."

जगदेवी मटकन खाली बसली. ज्याच्यासाठी जन्मभर डोक्यावर भारे वाहिले, त्याचीच मान आपल्यामुळं खाली! राहू दे ते चालणं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण रात्र रात्र मुंग्यांनी जागवणारे तिचे पाय हल्ली कुठं निवांत झोपू लागले होते.

ती उठली. विळा, दोरी पुन्हा खुंटीला लावली.

"बरं केलंस सांगितलंस," म्हणाली आणि त्याच्या बाजूनं बाहेर पडली. कुमार गडबडून मागं निघाला.

पारावर आण्णासाहेब चार माणसं घेऊन बसले होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. जगदेवीनं पदर नीट केला.

"काय वो वहिनी, आज इळा इसरला का?" कुणीतरी हसलं.

ती थांबली.

"वैरणीला आमचे गडी हायेत, आण्णासाहेब. मला शुगर हाय. म्या चालायला निघाले."

"म्हंजे बिनकामाचं?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"हेच माझं काम हाय," जगदेवी म्हणाली. आवाज इतका खणखणीत निघाला की तिचा तिलाच अभिमान वाटला.

कुणी हसलं नाही. मागं कुमारची मान वर झाली की नाही, हे तिनं वळून पाहिलं नाही.

पार मागं पडला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हात नुसतेच लोंबताहेत. घागर, भारा, कडेवरचं पोर, आजवर त्यांना काही ना काही असायचंच. मोकळ्या हातांचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ओढ्याचा उतार लागला, तसे ते आपसूक पुढंमागं हलू लागले. तिनं हलू दिले.