जोडातली सुपारी

“मिस्त्री, ही विलायती बोट आहे. तुमच्या मचव्यांसारखं ठोकाठोकीचं काम इथे चालणार नाही.” सकाळपासून बोटीच्या मालकांनी हे चौथ्यांदा ऐकवलं. मी हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला, नाहीतर तो भिरकावला असता.

बोट नव्वद वर्षांची, सागवानी, मोटरवर चालणारी. मालकांनी दोन वर्षं जुने कागद धुंडाळून तिचा इतिहास लिहिला होता. पुरावा काय, तर इंजिनावरची पितळी पट्टी : इंग्लंड, १९३४. इंजिन विलायतेचं म्हणून बोटही विलायतेची, असा यांचा शोध.

दुपारी मी पुढच्या नाळेचा, म्हणजे बोटीच्या टोकाशी उभ्या असलेल्या लाकडाचा, कुजलेला जोड उघडला. आत तांब्याच्या पत्र्यात गुंडाळलेली सुपारी निघाली, हळदीचा पिवळेपणा अजून अंगावर. आमच्या खाडीतले सुतार नाळ उभी करताना जोडात अशी सुपारी ठेवतात. आजोबा ठेवायचे, मीही ठेवतो.

मी ती मालकांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता तरी माणूस शरमेल.

“हे बाहेर बोलू नका,” ते हळूच म्हणाले. “जुन्या बोटींच्या प्रदर्शनात विलायती बोट म्हणून नाव दिलंय. ही सुपारी टाका कुठेतरी.”

मी सुपारी परत घेतली, उघड्या जोडात होती तिथेच ठेवली आणि हत्यारं पिशवीत भरली.

“नाळ बसवायला आता विलायतेचाच सुतार आणा,” मी म्हणालो. “आणि आधी त्याला ही सुपारी दाखवा. तोही सांगेल, ‘ही बोट आमच्या विलायतेची नाही’ म्हणून.”