बरोबरीचा वाटा

केत्तनने झाडाला बांधलेल्या दोराची एक गाठ सोडली. दोराला हिसका बसला. खाली, कड्याच्या पोटाशी लटकलेला बेळ्ळन हातभर घसरला. मधमाश्यांचा घोंगाट एकदम वाढला.

"केत्तन! अरे, दोर सुटतोय!"

"सुटत नाहीये, दाजी. मी सोडतोय."

निलगिरीच्या या कड्यांवर मधाला उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोचा भाऊच धरतो. सख्ख्या बहिणीला कोण विधवा करणार, एवढाच त्यातला भरवसा. केत्तन सहा वर्षं दोर धरत होता. वरून त्याला ना पोळी दिसत, ना डबे. बेळ्ळन पोळी कापून टोपलीतून तळाशी सोडी. तिथे त्याची बायको बोम्मी, म्हणजे केत्तनची थोरली बहीण, मध गाळून डब्यांत भरी. संध्याकाळी ती भावापुढे चार डबे आणून ठेवी. म्हणे, "हा तुझा अर्धा."

अर्धा! हा शब्द केत्तनला कुसळासारखा टोचत होता. यंदा बहिणीच्या दारात बकरी दिसली आणि बहीण जास्त मध ठेवून घेते, अशी त्याची खात्रीच पटली. वस्तीभर तो सांगत सुटला, "मला थेंबभर जास्त नको, थेंबभर कमी नको. माणसाला बरोबरी पाहिजे." सांगताना चेहरा अगदी देवमाणसाचा. बहिणीला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. विचारायला त्याला हीच वेळ सापडली, तिचा नवरा अधांतरी असताना.

"एकूण डबे किती होतात? खरं बोला, नाहीतर दुसरी गाठ सोडतो. मग मध तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

"सात!" बेळ्ळन जिवाच्या आकांताने ओरडला.

"सात? मग मला चार कसे?"

"तुला चार, आम्हाला तीन! तुझी चार पोरं, म्हणून तुझी अक्का एक डबा जास्त घालते. सांगितलं तर तू घेणार नाहीस, असं वाटतं तिला. आणि ती बकरी आमची नाही रे, राखायला आणलीय!"

खालून माश्या हाकलायच्या धुरात खोकणाऱ्या बोम्मीचा आवाज आला. केत्तनने सोडलेली गाठ पुन्हा मारली. दोनदा ओढून पाहिली.

"बास झालं हे लपवणं," बेळ्ळन धापा टाकत म्हणाला. "यंदापासून तुझ्या डोळ्यांसमोर वाटू. साडेतीन तुला, साडेतीन आम्हाला. हेच पाहिजे ना?"

केत्तनचा आवाज एकदम मऊ झाला.

"राहू द्या हो, दाजी. इतक्या वर्षांची रीत आता मध्येच कशाला मोडायची?"